एकाचा नऊ झाला

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. ग्रह घडताना जे सामान उरले, त्यातला मी. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात माझे बिऱ्हाड. लांबी बारा किलोमीटर, रंग कोळशाचा, आकार बटाट्याचा. रूपाबद्दल न बोललेलेच बरे! आठ तासांत मी स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि साधारण साडेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी.

मला पहिल्यांदा पाहिले वेधशाळेतल्या मोजणीबाईंनी, म्हणजे आकाशाचे फोटो तपासून आकडेमोड करणाऱ्या बाईंनी. दुर्बिणीतून फोटोच्या काचेवर टिपलेल्या आकाशात तारे ठिपके दिसतात आणि आम्ही सरकणारे लघुग्रह बारीक रेघा. भिंगाखाली बाईंनी माझी रेघ हेरली, माझी वाट मांडली. केवढे कौतुक झाले माझे!

पण पुढच्या खेपेला सांगितल्या जागी मी दिसलोच नाही. नऊ वर्षे बाई शोधत राहिल्या. लघुग्रहांच्या यादीत माझ्यापुढे ‘हरवलेला’ असा शेरा पडला. मला फार वाईट वाटले.

बाईंच्या निवृत्तीच्या आठवड्यात वेधशाळेचे साहेब म्हणाले, “बाई, शुक्रवारी यादी छापायला जातेय. तोवर तुमचा लघुग्रह सापडला तर ठीक, नाहीतर त्याचं नाव यादीतून काढावं लागेल.”

दुपारी यजमान डबा घेऊन आले, तर बाई जुनी कच्ची वही उघडून बसलेल्या. “जन्मात एकच सापडला,” त्या म्हणाल्या, “तोही हरवला.”

यजमानांनी वहीत डोकावले. “कक्षेचा कल एक अंश, म्हणजे काय गं?”

“म्हणजे ग्रहांच्या पातळीपासून त्याची वाट किती तिरकी ते. आणि एक नाही, नऊ आहे तो.”

“तुझा एक मी ओळखतो! तुझ्या वाणसामानाच्या यादीतली एक किलो साखर मी नऊ किलो आणली होती. महिनाभर बोलणी खाल्ली आहेत.”

बाईंनी भिंग वहीवर धरले. एकच होता! पक्की प्रत करताना स्वतःच्याच अक्षराने त्यांना चकवले होते.

त्यांनी एक अंश धरून माझी वाट पुन्हा मांडली आणि कपाटातून दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या जुन्या काचा काढल्या. एकीवर माझी रेघ, दुसरीवरही, तिसरीवरही.

“अहो, हा इथेच होता हो! मीच भलतीकडे बघत होते.” बाईंचे डोळे भरून आले. शुक्रवारच्या यादीतला तो शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

मित्रांनो, कुणी हरवले असे वाटले, तर त्याचे नाव काढण्याआधी एकदा आपली वही तपासा. तो बिचारा कदाचित आपल्या वाटेने नीट चाललेला असेल.