फेकीनंतरचा दीड सेकंद

हॉलमध्ये गाद्या चाळीस होत्या. आठ रांगा, प्रत्येकी पाच. त्यातल्या अडतीस निळ्या आणि दोन हिरव्या. खिडक्या सहा, उघडणाऱ्या चार. बघे सत्तावीस. त्यात आमची आई होती, पण तिने डोळे गच्च मिटून घेतले होते, म्हणजे प्रत्यक्ष बघणारे सव्वीस.

क्रीडा केंद्राला मुलींच्या वर्गासाठी एक प्रशिक्षक हवी होती आणि अर्ज दोन आले होते. एक माझ्या ताईचा. ती सहा वर्षं बेकरीत ट्रे उचलत होती आणि अकरा वर्षं ज्युदो खेळत होती. दुसरा जिउ-जित्सु शिकलेल्या एका मुलीचा. तिला सगळे वेल म्हणायचे, कारण एकदा गुंडाळली की ती सुटत नसे. व्यवस्थापक बाईंनी दोघींना दहा मिनिटांची एक लढत दिली. गुण नाहीत. जी समोरचीला गादीवर थाप मारून हार कबूल करायला लावेल तिला वर्ग. कुणीच थाप मारली नाही, तर वर्ग वेलीचा, कारण तिचा अर्ज आधी आला होता.

महिनाभरापूर्वी सरावात दोघी भिडल्या होत्या. ताईने वेलीला खांद्यावरून इतकं स्वच्छ फेकलं की बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मग ताईने तिला सोडलं, पाठ वळवली आणि जॅकेट नीट केलं. तेवढ्यात वेल तिच्या पाठीवर चढली आणि कॉलरने गळा आवळला. ताईने थाप मारली.

घरी येताना ती म्हणाली, "मी जिंकले होते गं."

"कुठल्या खेळात?" मी विचारलं.

ती तरातरा पुढे निघून गेली.

पण प्रश्न खरा होता. मी तिच्या पन्नास फेकी मोबाइलवर टिपल्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत, मोजून वहीत लिहिलं. फेकीनंतर ती सरासरी दीड सेकंद थांबायची. ज्युदोत हा दीड सेकंद फुकटचा असतो. समोरची जोरात, नीट पाठीवर आपटली की लढत संपते. वीस सेकंद दाबून धरलं तरी संपते. जिउ-जित्सुत पाठीवर पडणं म्हणजे कामाला सुरुवात.

वही घेऊन मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. तरुणपणी ते सांबो, म्हणजे रशियन कुस्ती, खेळायचे.

"आमच्यात पाय पिरगाळायला परवानगी, गळ्याला हात लावायचा नाही," ते भिंगातून वर न बघता म्हणाले. "तुझ्या ताईच्या खेळात बरोबर उलटं. चुलत बहिणी आहेत गं या तिघी. नाकं सारखी, शिस्त वेगळी."

"तिघींना चालेल असं काही आहे?"

"कोपर. हात दोन मांड्यांत धरायचा, पाय तोंडावरून टाकायचा, मागे झुकायचं. ताईला येतं ते."

"येतं. पण तोवर तिने हात सोडलेला असतो."

काकांनी भिंग काढलं. "मग सोडू द्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ते रिळभर बारीक दोरा घेऊन हॉलवर आले. ताईची बाही त्यांनी जोडीदारणीच्या बाहीला बांधली. फेकायचं, पण दोरा तुटता कामा नये. तुटला की ती फेक पुन्हा.

"काका, मी काय पतंग आहे?" ताई वैतागली.

"पतंग बरा. तो असं तोंड करत नाही."

पहिल्या दिवशी चाळीसपैकी एकतीस दोरे तुटले. विसाव्या दिवशी दोन.

लढतीत वेलीने सहा मिनिटं ताईला फेकूच दिलं नाही. ती खाली बसायची आणि पायांनी ताईची कंबर ओढायची. सातव्या मिनिटाला ताई खाली सापडली, आणि तिने अकरा वर्षं ज्याची सवय केली तेच केलं. पोटावर पालथी झाली, हात गळ्याशी घेतले आणि पंच उभं करतील म्हणून वाट बघू लागली. ज्युदोत करतात. इथे पंचांनी नुसतं वाकून बघितलं. वेल पाठीवर चढली.

"पंचांना घाई नाही!" काका ओरडले. "तू ऊठ!"

वेलीचा हात कॉलरपर्यंत पोचला होता. ताईने तो दोन्ही हातांनी धरला, गुडघ्यावर आली, मग पायांवर, आणि पाठीवरचं सगळं ओझं झटकून खाली उतरवलं. दोघी धापा टाकत समोरासमोर उभ्या राहिल्या. दोन मिनिटं उरली होती.

वेल पुन्हा बसायला लागली. बसण्याआधी तिचं वजन क्षणभर पुढे येतं, हे वेलीचे सराव बघून माझ्या वहीत सोळा वेळा लिहिलेलं होतं आणि ताईला तोंडपाठ होतं. त्या क्षणी ताई वळली, आत शिरली आणि तिला खांद्यावरून खाली घेऊन आली. गादी दणाणली. कुणीतरी टाळी वाजवली. मी वाजवली नाही. मी बाहीकडे बघत होते.

बाही मुठीतच होती. ताईचा पाय वेलीच्या तोंडावरून गेला, ती मागे झुकली, कोपर सरळ झालं. वेलीने मोकळ्या हाताने थाप मारली, एकदा नाही, तीनदा.

ताई उठली ती ओरडतच. वेलीने उठून आधी कोपर चोळलं, मग तिला मिठी मारली. "या वेळी जॅकेट नीट नाही केलंस ते," ती म्हणाली.

"काय झालं?" आईने डोळे उघडले.

"जिंकली!"

"मग आधी सांगायचं ना मला!" म्हणत आई गादीवर धावली, चपलांसकट. व्यवस्थापक बाईंनी चपलांकडे बघितलं, मग वर्गाचं वेळापत्रक ताईच्या हातात दिलं. काका खिशातला उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत होते आणि नाक ओढत होते.

मी भिंतीला टेकून मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे सरकवली आणि वहीत लिहिलं:

फेकीनंतरचा थांबा, ०.२ सेकंद. फेक ते थाप, ४.६ सेकंद.