गाळलेल्या अकरा ओळी

बाबांच्या कॉम्प्युटरला आम्ही घरात जावईबापू म्हणतो. खरा जावई, म्हणजे माझा नवरा, बिचारा ताटात पडेल ते खातो आणि गप्प बसतो. हा डबा मात्र मानपान नीट झाल्याशिवाय जागचा हलत नाही. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी सुटे भाग आणून तो स्वतः जुळवला आणि आत मॅकची सिस्टीम घातली. ती सिस्टीम असल्या घरगुती डब्यासाठी बनवलेली नाही. आपण खऱ्या मॅकवरच आहोत असं तिला रोज सकाळी पटवून द्यावं लागतं, आणि त्यासाठी सेटिंगची एक फाईल असते. चालू होताना डबा आधी ती वाचतो. कुठल्या भागाला काय म्हणायचं, काय लपवायचं, जे नाही ते आहे म्हणून कसं सांगायचं, हे सगळं त्यात ओळीने लिहिलेलं. थोडक्यात थापाच, पण शिस्तीत मारलेल्या. एक चुकली की पडदा काळा.

हा खटाटोप कशाला, असं मला कुणी विचारलं की मी चिडते, कारण मलाही तेच वाटतं. बाबा रेकॉर्डिस्ट. ज्या प्रोग्रामवर त्यांनी वीस-बावीस वर्षं आवाज कापले, जोडले, घासूनपुसून स्वच्छ केले, तो याच सिस्टीमवर चालतो, आणि तेवढ्या ताकदीचं खरं मशीन निवृत्त माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्यांनी हट्टाने हा उभा केला. मी तेव्हा टॉर्च धरून शेजारी बसले होते. पुढेही जेव्हा जेव्हा जावईबापू रुसले तेव्हा टॉर्च माझ्याच हातात.

सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. मी एक्स-रे विभागात काम करते. दिवसभर लोकांना श्वास घ्या, धरा, सोडा असं सांगते आणि स्वतः मात्र संध्याकाळपर्यंत धरूनच असते.

"चिऊ, जावईबापू उठेनात," बाबा म्हणाले. "ओळी येतात, अर्ध्यावर थांबतात."

"काही बदललंत का?"

"चालत्या मशीनला मी हात लावतो का कधी?"

नाही लावत. हा त्यांचाच नियम. दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि तिसरा, बदलण्याआधी चालू स्थितीची प्रत काढून ठेवायची. एरवी भाजी आणायला सांगितली तर पिशवी विसरणारा माणूस, पण या तीन नियमांत कधी चुकला नाही.

त्याच रात्री दादाचा फोन. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून सगळं व्यवस्थित दिसतं असं त्याला वाटतं. बाबा एकाच दुकानात एकाच वायरसाठी दोनदा जाऊन आले होते. गॅस चालू ठेवून झोपले होते. ज्या स्टुडिओचं काम ते अजूनही घरून करतात, तिथल्या बाईंना त्यांनी एकच फाईल तीनदा पाठवली होती. दादाने यादीच केली होती. त्याचं म्हणणं, काम बंद करावं, घर आवरावं आणि बाबांना त्याच्याकडे न्यावं. महिनाभर मी त्याच्याशी भांडत होते आणि माझ्याकडे एकच हुकमी मुद्दा होता.

"तो डबा जो माणूस एकट्याने चालवतो, त्याला काय विसरायला झालंय? तुला येतं का चालवायला? मला येतं का?"

"मग आता बंद का पडलाय?"

"मशीन आहे. बंद पडतं."

"ठीक आहे," दादा म्हणाला. "रविवारपर्यंत बघ. चालू झालं तर मी महिनाभर तोंड उघडत नाही. नाही झालं तर मी येतो आणि त्यांना घेऊन जातो. त्या बाईंना काय सांगायचं तेही मी सांगेन."

म्हणजे बाबांचं काम, त्यांचं घर, त्यांची खुर्ची, सगळं त्या डब्यावर येऊन ठेपलं. मीच आणून ठेवलं होतं.

सोमवार ते शुक्रवार मी रोज कामावरून थेट बाबांकडे गेले. जेवण तिथेच, तेही उभ्या उभ्या. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर चढायच्या आणि दर वेळी एकाच जागी घोडं अडायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या वायरी काढून परत घातल्या. दुसऱ्या दिवशी मेमरीच्या चारही पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, एकेक करून लावून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी बाबांना पॉवर सप्लायचा संशय आला म्हणून नवऱ्याने आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा काढून आणून दिला. तोही लावला. जागा तीच.

"दुकानदाराने गंडवलं," बाबा म्हणाले.

"नऊ वर्षांपूर्वी?"

"हळूहळू गंडवणारे असतात."

हसले मी. तेवढं एकदाच. चौथ्या दिवशी माझी कंबर इतकी धरली की टेबलाखालून बाहेर यायला बाबांनी हात दिला, सत्तरीच्या माणसाने. मला स्वतःचीच चीड आली. त्या डब्याची आली, दादाची आली आणि खरं सांगायचं तर बाबांचीही आली. वर्षानुवर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, की काय काय केलंय ते कुठेतरी लिहून ठेवा. त्यावर डोक्याला बोट लावून म्हणायचे, "इथे आहे."

त्या आठवड्यात मात्र मी त्यांना काही विचारलं की ते आधी माझ्याकडे बघायचे, मग पडद्याकडे. "हा थांबा कसला, बाबा?" विचारलं तर, "तो... तो तिथे थांबतोच," असं म्हणून चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा स्वच्छच असायचा. हे मला दिसत होतं. पण दमलेलं माणूस जे दिसतं त्यातलं सोयीचं तेवढं बघतं.

शुक्रवारी मी हात टेकले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, झालं, हरले. तो भांडी विसळत होता. मागे न वळताच म्हणाला, "तुम्ही सगळं सामान बदलून पाहिलंत. ती थापांची फाईल पाहिली का?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाच दिवस आम्ही लोखंड तपासत बसलो होतो, कारण फाईलला कुणी हात लावलाच नव्हता. बाबांनी तसं सांगितलं होतं ना.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी नऊ वाजता मी बाबांच्या दारात. त्यांच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चालू स्थितीची प्रत कुठेतरी असणार, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, असली प्रत आपल्याकडे नाही. मी शोधायला लागले. टेबलाच्या खणात नाही, पुस्तकांमागे नाही. शेवटी आई गेल्यावरही जपून ठेवलेल्या तिच्या बटणांच्या डब्यात सापडला, एक छोटा पेन ड्राइव्ह. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, बाबांच्या अक्षरात तारीख आणि 'चालू'. दोन वर्षांपूर्वीची तारीख.

डबा आपली फाईल सोडून यातली वाचेल असा पेन ड्राइव्ह मागे लावला, बटण दाबलं आणि आम्ही दोघं उभे राहिलो. ओळी चढल्या. त्या ठरलेल्या जागी आल्या आणि तिथून पुढे गेल्या. पडदा उजळला. बाबांनी खुर्ची ओढली, प्रोग्राम उघडला. नदीकाठच्या एका माहितीपटाचं काम अर्धवट राहिलं होतं, त्यातला नावाड्याचा आवाज खोलीत आला. बाबांनी डोळे मिटून ऐकला. "पाणी जरा जास्त झालंय," ते म्हणाले आणि मागच्या नदीचा आवाज दोन खुणा खाली घेतला. मला रडू यायला लागलं. जिंकले होते मी.

मग अर्धं काम ठेवायचं नाही म्हणून मी डब्यातली फाईल आणि पेन ड्राइव्हवरची फाईल शेजारी शेजारी उघडल्या. पहिलीत अकरा ओळी कमी होत्या. मधल्यामधल्या, वेचून काढलेल्या. बदलल्याची वेळ गेल्या रविवारी दुपारची, तीन वाजून दहा मिनिटांची. रविवारी दुपारी या घरात बाबांखेरीज कुणी नव्हतं.

पेन ड्राइव्हवरच्या फाईलमध्ये त्या अकरा ओळी शाबूत होत्या, आणि प्रत्येकीशेजारी एक टीप होती. त्या फाईलला दुसरी लिपी चालत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मला त्या टिपा असल्याचं माहीतच नव्हतं. 'हे काढू नकोस, आवाज जातो.' 'इथे तीन दिवस गेले.' 'हे का चालतं कळलं नाही, पण चालतं, हात लावू नये.' म्हणजे लिहून ठेवलं होतं त्यांनी. माझ्याशी नुसता वाद घालत होते. आणि टिपा होत्या तेवढ्याच ओळी गेल्या होत्या, बाकीच्या एकीलाही धक्का नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "या ओळी तुम्ही काढल्यात?"

ते वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"हां, ह्या," ते म्हणाले. "रविवारी सहज उघडलं तर आत कुणाचं तरी लिखाण. माझ्या फाईलमध्ये दुसऱ्याचं काय काम? काढून टाकलं."

मी पेन ड्राइव्हवरची फाईल पडद्यावर त्यांच्यासमोर मोठी केली.

बाबा चष्मा वर सरकवून एकेक टीप वाचत खाली गेले, बोटाने, लहान मुलं वाचतात तसे. मध्येच मान हलवायचे. एका ओळीवर हसले.

"उगाच काढलं मी," ते म्हणाले. "माणूस कामाचा आहे. बघ ना, प्रत्येक गोष्टीचं कारण दिलंय. असं हल्ली कोण करतं? घाई नाही, गडबड नाही." मग आणखी खाली गेले आणि थांबले. "आणि हे बघ. 'ही चूक चिऊने शोधली. शाबास.' ह्याच्याही घरी एक चिऊ आहे."

माझ्याकडे बघून ते इतक्या आनंदाने हसले, की मीही हसले. ती चूक मला आठवत होती. सहा वर्षांपूर्वीची. शाबास म्हणाले नव्हते तेव्हा, नुसतं 'हं' म्हणाले होते.

"त्याचा नंबर मिळेल का गं कुठे?" बाबांनी विचारलं. "आभार मानले पाहिजेत. परत काही अडलं तर विचारताही येईल."

"बघते," मी म्हटलं.

जुनी फाईल मी डब्यात परत घातली. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू करून पाहिलं. झालं. बाबा कामाला बसले. नावाडी बोलायला लागला, मागे पाणी, आणि बाबांचा हात त्या खुणांवर आपोआप जात होता, एकदाही न चुकता. कानांना सगळं आठवत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि दादाला फोन लावला.

"काय झालं?"

"चालू झालं."

दादा हरतो तेव्हा मोकळेपणाने हरतो, तेवढं त्याचं चांगलं आहे. "बरं झालं," तो म्हणाला. "खरंच बरं झालं. जिंकलीस तू. मग मी येत नाही."

बाहेरच्या खोलीतून नावाड्याचं तेच वाक्य पुन्हा आलं, आणि पुन्हा, दर वेळी जरासं स्वच्छ.

"नाही, दादा," मी म्हटलं. "तू ये. त्यांचं हे एवढं काम होऊ दे, बुधवारपर्यंत होईल. मग ये."