गव्हाच्या ट्रकचं हेड

मी बोलतोय, इथून, खाली तुमच्या पायाशी. कॅन्ससमधल्या या क्लिंगमन वर्कशॉपचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून जे काळपट लोखंडी धूड लावलंय ना, तो मी. ठेच लागली असेल तर माफ करा, पण शिव्या घालू नका. मी असातसा नाही.

मी सिलिंडर हेड. इंजिनाच्या ब्लॉकवर झाकणासारखा बसतो. हवा आणि पेट्रोल माझ्यातून आत जातं, पिस्टनच्या वर माझ्या पोकळीत भडका उडतो आणि धूर माझ्यातूनच बाहेर पडतो. आठ सिलिंडरच्या इंजिनाला दोन हेडं लागतात, म्हणून आम्ही जुळे भाऊ.

ओतशाळेतल्या वाळूच्या साच्यात आमचा जन्म झाला. ट्रकसाठी ओतलेले, त्यामुळे अंगानं जाड. हवेच्या वाटा अरुंद, पोकळी मात्र ऐसपैस. एकवीस उन्हाळे आम्ही शेतातला गहू धान्याच्या कोठारापर्यंत ओढला. धूळ खाल्ली, पाणी आटलेल्या रेडिएटरवर चाललो, पण कधी तडकलो नाही. शेवटी ट्रकची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजून सडली आणि आम्ही ऑर्व्हिल क्लिंगमनच्या कामाच्या बाकाखाली येऊन पडलो. तिथे अकरा वर्षं आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाकावर दुसरीच जोडी होती. ऑर्व्हिलची लाडकी, शर्यतीची हेडं. हवेच्या वाटा एवढाल्या, की मूठ घालावी. त्याच्या केशरी गाडीनं याच हेडांवर एकोणनव्वद साली पाव मैल दहा पूर्णांक शून्य चार सेकंदांत कापला होता. ती वेळ छापलेली चिठ्ठी अजून त्याच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. दहाच्या आत मात्र गाडी कधीच आली नाही. त्या चार शतांशांसाठी म्हातारा दर काही वर्षांनी हिवाळ्यात हेडं मशीनवर चढवायचा आणि तळ थोडा तासायचा. तळ तासला की पोकळी लहान होते, दाब वाढतो, जोर वाढतो. किती तासलं त्याचा आकडा तो हेडाच्या कडेवर ठोकायचा. त्या जोडीवर असे चार आकडे होते.

यंदा बातमी आली की गावाबाहेरची शर्यतीची पट्टी कायमची बंद होणार. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, मग संपलं. ऑर्व्हिल अठ्ठ्याहत्तरचा. दुसऱ्या पट्टीवर, दुसऱ्या गावात गाडी न्यायची उमेद त्याच्यात उरली नव्हती.

त्याची मुलगी डेल्मा म्हणाली, "बाबा, गाडी मी चालवते. टर्बो बसवू. दहाच्या आत आणल्याशिवाय मी काही स्वस्थ बसणार नाही."

"बसव की. पण हेडं माझीच लागतील. हवा यायची तर दार मोठं हवं."

"टर्बो हवा ढकलून आत घालतो, बाबा. दार मोठं कशाला? खोली मोठी हवी आणि भिंत जाड हवी."

"तू शिकवणार मला? चाळीस वर्षं हेडं तासतोय मी!"

डेल्माला पटलं नव्हतं, पण बापाचं मन मोडवेना. लाडकी जोडी चढली. बाकाखालून मला सगळं दिसत होतं आणि माझा जीव तुटत होता. अहो, तासून तासून ती पोकळी आधीच वाटीएवढी झालेली, त्यात टर्बो आणखी हवा कोंबणार. भडका वेळेआधीच उडणार नाही तर काय होणार?

तेच झालं. पट्टीवरच्या पहिल्याच चाचणीत इंजिन आतून हातोडे मारल्यासारखं वाजलं, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट फाटलं आणि गाडी पांढऱ्या वाफेत परत आली. नशीब, पिस्टन वाचले. ऑर्व्हिल उलट्या बादलीवर बसून राहिला. "माझ्या हट्टापायी झालं, पोरी," म्हणाला. मला त्याची फार दया आली. आता जेमतेम दोन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी डेल्मानं बाकाखाली हात घालून आम्हाला ओढून काढलं. लायल नावाचा शेजारी आणि शर्यतीतला जुना प्रतिस्पर्धी दारात कोबी-खिम्याचा पाव खात उभा होता. तो ठसका लागेपर्यंत हसला.

"गव्हाच्या ट्रकचं हेड? अगं, मग मागे ट्रॉली पण जोड! जाताजाता चार पोती टाकून ये."

"तुझ्याच दारात टाकते, जागा करून ठेव," डेल्मा म्हणाली आणि कामाला लागली.

तिनं आम्हाला धुतलं, कुठे चीर आहे का ते तपासलं. टर्बोचा दाब वॉल्व्हला मागून ढकलतो, म्हणून कडक स्प्रिंगा बसवल्या. धुराच्या बाजूचे वॉल्व्ह उष्णता सोसणारे घातले. राहिलं तळ सपाट करण्याचं काम. ते ऑर्व्हिलचं.

त्यानं मला मशीनवर बांधलं, हलका हात फिरवला, तळ आरशासारखा झाला. आणि म्हाताऱ्याचा हात सवयीनं पुन्हा चाकाकडे गेला! आणखी थोडं तासायला! मी ओरडू शकत असतो तर छत उडालं असतं.

"बाबा!"

हात थांबला. "सवय सोडवत नाही गं," ऑर्व्हिल म्हणाला. मग मशीन बंद केलं. कडेवर आकडा ठोकायला घेतलेली छिन्नी त्यानं परत खणात ठेवली. "याच्यावर ठोकण्यासारखं अजून काही घडलेलं नाही."

तेव्हाच मी ठरवलं की फुटलो तरी बेहत्तर, पण शेवटची रेघ ओलांडल्याशिवाय फुटणार नाही.

रविवारी दुपारी पहिल्या फेरीत दहा पूर्णांक शून्य एक. लायलसुद्धा हळहळला. डेल्मानं पाणी पिऊन हेल्मेट उचललं. "दाब वाढवते, बाबा."

"जुनं लोखंड आहे. तडकेल."

"तडकू दे. उद्या पट्टी असणार आहे का?"

ऑर्व्हिलनं मान हलवली. "वाढव."

दुसऱ्या फेरीत ती उष्णता काय वर्णावी! गव्हाच्या हंगामातलं ऊन त्यापुढे काहीच नव्हे. अर्ध्या वाटेवर माझ्या दोन वॉल्व्हच्या मधे काहीतरी कट्टकन झालं. चीर पडली होती. मी बोल्ट धरले, गॅस्केट धरलं, आठवतील ते सगळे उन्हाळे आठवले आणि सोडलं नाही. भाऊ पलीकडून गरजत होता. रेघ मागे पडली, मग कुठे माझ्यातून पाणी गळायला लागलं.

डेल्मा चिठ्ठी घेऊन आली. ऑर्व्हिलनं ती हात लांब करून धरली. "दिसत नाही. चष्मा दे."

"तुमच्या कपाळावर आहे, बाबा."

त्यानं चष्मा खाली ओढला. नऊ पूर्णांक सत्त्याण्णव. म्हातारा हसायला गेला आणि रडला. डेल्मानं त्याला घट्ट धरलं. लायलनं टोपी काढली, माझ्यासमोर काढली असं मी आपलं धरून चालतो.

भाऊ धडधाकट निघाला. तो रॅकवर बसून नव्या जोडीदाराची वाट बघतोय. मला आता इंजिन नाही. परवा भंगारवाला आला, तर ऑर्व्हिल म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही."

तेव्हा आत या, हेडं निवडायला आलाच असाल तर. माझी एवढीच विनवणी आहे, मोठं कोणतं ते विचारू नका, सोसेल कोणतं ते विचारा. आणि सवयीनं तासू नका.

गुडघे धरले तरी रोज सकाळी ऑर्व्हिल स्वतः वाकून मला दाराला लावतो, डेल्माला लावू देत नाही. लावताना माझ्या कडेवरून अंगठा फिरवतो. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं छिन्नी काढली होती. तिथे एकच आकडा ठोकलेला आहे, ९.९७.