उरलेले आठ कागद

शाळेची हजेरीबुकं बांधून झाली होती. ती द्यायला गेले आणि वाचनखोलीच्या दारातच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंतभर कागदी फुलं, वर पाटी : 'वाचनाचा फुलोरा'. आणि फुलं कशाची? पुस्तकांच्या पानांची! वाचनाची गोडी लागावी म्हणून पुस्तकं फाडायची, ही अक्कल कुणाची? तीस वर्षं मी बाइंडिंग करतेय. सुटलेलं एकेक पान खळ लावून जागेवर बसवते, आणि इथे सगळे कात्र्या घेऊन बसलेत.

"छान झालंय ना, ताई?" वर्गाच्या मॅडम हसत आल्या. "मुलं आपणहून पुस्तकं आणतायत."

"फाडायला."

"अहो, वाचून झालेलीच. तीही रद्दीतली."

तेवढ्यात मधलं मोठं फूल दिसलं. जाडसर, पिवळट कागद, कडेला शिवणीची भोकं. ती भोकं माझ्याच सुईची होती. खाणीत अडकलेल्या खेचराची गोष्ट! फाटकं कव्हर काढून शेवटचा सुटलेला भाग मी परवाच शिवला होता. नवं कव्हर चढेपर्यंत माझ्या भाचीला दम निघाला नाही, म्हणून तसंच नेऊ दिलं होतं.

भाची नऊ वर्षांची. आजवर पुस्तक म्हटलं की पोट दुखायचं तिचं. या एका पुस्तकाला मात्र तीन आठवडे चिकटून होती. शाळा सुटली की माझ्या कारखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ओळीखाली बोट फिरवायची. "मावशी, खाणीत पाणी शिरलं गं!" असं ओरडायची तेव्हा माझ्या हातातलं काम थांबायचं. आणि त्याच पुस्तकाचं यांनी फूल केलं?

"कव्हर नाही म्हणून रद्दी?" माझा आवाज चढला. "उद्या कोट न घातलेला माणूसही रद्दीत टाकाल!"

मॅडमचा चेहरा पडला. "तिनेच आणलं, ताई. वाचून झालंय म्हणाली. विचारा तिलाच."

भाची कोपऱ्यात उभी होती. नजर जमिनीवर.

"झालं वाचून?"

"एवढंच उरलं होतं," ती पुटपुटली. "ते काढलं की झालंच ना."

मी भिंतीवरच्या त्या फुलाकडे पाहिलं.

"सगळ्यांची फुलं लागली. माझंच नव्हतं. सगळे म्हणतात, अजून तेच पुस्तक? आणि तूपण रोज विचारतेस, किती पानं झाली, किती पानं झाली!" शेवटी ती ओरडलीच. "मला नकोच ते पुस्तक!"

मॅडमवर काढायला ठेवलेला सगळा राग माझ्यावरच उलटला. रोज विचारत होते, खरंच. कौतुकानेच, पण पोरीला ते कसं कळावं? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि फूल काढलं.

"अहो ताई, उद्या पाहुणे येणारेत!"

"मग त्यांना भिंत दाखवा. रंग बरा आहे."

दोरा कापला. आठ कागद होते. कोपरे कातरले होते, पण मजकूर शाबूत होता. तळहाताने चुण्या सपाट करत मी ते आकड्यांप्रमाणे टेबलावर मांडले. भाची हाताची घडी घालून, तोंड फिरवून उभी. "वाच" हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. मुलं मात्र टेबलाभोवती गोळा झाली.

"खेचर मेलं का?" एकाने विचारलं.

"मेलं नाहीये!" भाची फणकारली आणि त्याला बाजूला सारून टेबलापाशी आली. बोट पहिल्या ओळीखाली गेलं. "दि-वा... वि-झ-ला. खे-च-रा-ने... का-न..."

"टवकारले," मागून कुणीतरी घाईने म्हटलं.

"गप्प बस! मी वाचतेय ना!"

घंटा झाली. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. "चल बाळा, उरलेलं उद्या वाच हं."

तिने बोट हलवलं नाही, मानही वर केली नाही.

"थांबा ना मॅडम," ती चिडून म्हणाली, "अजून ते आतच आहे."