सतरा जणींचं ‘हो’

पाहणीतल्या नवव्या प्रश्नाला सतराच्या सतरा जणींनी ‘हो’ म्हटलं होतं. तुम्ही या क्षणी कुठं आहात, हे फोनवरून कुणाला सतत दिसतं का? कॅनडात, विनिपेगच्या विद्यापीठात, उबदार ग्रंथालयात बसून रोवेना बियर्डीनं हा प्रश्न लिहिला तेव्हा तो तिला धारदार वाटला होता. आता उत्तर मॅनिटोबातल्या आपल्या वस्तीत, सभागृहाच्या स्वयंपाकघरात, भरून आलेले कागद मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि त्या प्रश्नाला धारच उरलेली नव्हती.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका, डॉ. हॅलोरन, फोनवर गहिवरल्या होत्या. शंभर टक्के तरुणींवर पाळत. सोमवारी अहवाल पाठव, असं त्यांनी दोनदा बजावलं. रोवेना गहिवरली नव्हती. ती चक्रावली होती, कारण तो कागद तिच्यासमोर आला असता तर तिनंही ‘हो’च लिहिलं असतं.

आठ हिवाळ्यांपूर्वी तळ्याच्या बर्फानं तिच्या काकाला आणि त्याच्या दोन सोबत्यांना गिळलं होतं. ते नेमके कुठं बुडाले हे शोधण्यात तीन दिवस गेले. तेव्हापासून आपला ठिपका कुणाच्या तरी फोनवरच्या नकाशात उजळल्याशिवाय वस्तीतलं कुणी बर्फावर पाऊल टाकत नाही. परक्या माणसाला ही चूक माफ झाली असती. रोवेना इथलीच होती, आणि शहरात प्रश्न लिहिताना आपलं तळंच विसरली होती.

अहवाल तसाच गेला तर वस्तीच्या काळजीला गुन्ह्याचं नाव मिळेल, हे एक. दुसरं अधिक बोचणारं होतं. या सतरा जणींमध्ये एखादी खरोखरच कुणाच्या मुठीत असेल, तर इतरांच्या ‘हो’मध्ये तिचं ‘हो’ बुडून जाईल. तशी एक आहे, असं रोवेनाला वाटत होतं. एकोणीस वर्षांची, अबोल टॅरिन. मणीकामाच्या बैठकीतून ती दर थोड्या वेळानं उठायची आणि बाहेर जाऊन फोन पाहून यायची.

रोवेनानं तो नववा प्रश्न आयडा मावशीलाच विचारला. मावशी दर गुरुवारी दुपारी पोरीबाळींना मणीकामाला बसवायची. वस्तीतल्या निम्म्या हातमोज्यांवरची फुलं तिच्या हाताखाली उमललेली होती.

“दिसतं का म्हणून विचारलंस, तर दिसतंच की,” सुईवरून नजर न काढता मावशी म्हणाली. “तुझी आई आत्ता दुकानात आहे. बराच वेळ आहे, म्हणजे तिला कुणीतरी बोलायला सापडलंय. आणि तिला मी दिसते. या वयात आणखी करमणूक ती काय?”

मग दोरा दातानं तोडत ती सहज बोलून गेली, की हल्लीच्या पोरांना किनाऱ्याला लागल्यावर ठिपका विझवायचं भान राहत नाही. माणूस काठावरच्या घरात चहा पीत बसतो, ठिपका मात्र तळ्यालगतच दिसतो, आणि इकडं लोक जीव टांगणीला लावून बघत राहतात, हा अजून बर्फावर कसा म्हणून.

रोवेनाची पेन्सिल थांबली. निघताना उजळायचा, पोचल्यावर विझवायचा. ठिपका कुणाला दिसतो हे विचारून काहीच कळणार नव्हतं. तो विझवला, की मग काय होतं?

हा प्रश्न कागदावर नको, असं दोघींनी ठरवलं. कागद घरी जातो, खिशात सापडतो. फोनवर तर नकोच. मात्र मणी सगळ्यांच्याच हातात असतात. फोन कोटांच्या खिशात ठेवून, कोट बाहेरच्या पडवीत टांगूनच आत यायचं, हा मावशीचा जुना दंडक होता. एकदा कुणीतरी घाईनं फोन घ्यायला उठली आणि मण्यांची भरली थाळी सांडली, तेव्हापासूनचा.

गुरुवारी दोन वाजता फडक्यानं झाकलेलं वाडगं टेबलाभोवती फिरलं. ठिपका विझवल्यावर काहीच होत नसेल तर पांढरा मणी टाकायचा. कुणी रागावत असेल, जाब विचारत असेल तर लाल.

“एवढं शिकलीस, रोवेना, आणि परत आलीस ती मणी मोजायला?” लोरेटा म्हणाली. बैठकीतलं निम्मं हसू तिच्यामुळेच असायचं.

“आधी मोजता येतात का ते विचार तिला,” पलीकडून कुणीतरी म्हणालं. वाडगं हसण्यावरून तरंगत पुढं गेलं.

तेरा पांढरे निघाले आणि चार लाल. रोवेनानं एकाची अपेक्षा केली होती. तिचे डोळे नकळत टॅरिनकडे वळले.

“माझ्याकडे काय बघतेस?” टॅरिन शांतपणे म्हणाली. “आई इस्पितळात आहे माझी. तिचा निरोप येतो का बघायला जाते मी.”

रोवेनाचे कान तापले. बघण्याच्या हौसेत आपणही कुणावर तरी पाळत ठेवून होतो, हे तिला त्या क्षणी जाणवलं.

सगळ्या पांगल्यावर आयडा मावशी थाळ्या आवरत होती; लोरेटा कप विसळायला मागं राहिली. नळाची धार चालू होती. पाठमोरी राहूनच ती म्हणाली, “त्या लालांतला एक माझा होता.”

मग ती बोलत गेली, रोजच्याच खट्याळ सुरात, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी. फोन तिच्या नवऱ्यानं, डेलनं, वाढदिवसाला दिलेला. त्यावरचा ठिपका कधीच विझत नाही. दुकानात एका फळीपाशी जरा रेंगाळलं की फोन येतो, काय बघतेयस? एकदा थंडीनं बॅटरी मेली, तर त्या रात्री तिला बहिणीकडे झोपावं लागलं. का, ते तिनं सांगितलं नाही. थॉम्पसन शहरातल्या बायकांच्या आसरागृहातल्या बाईशी तिला एकदा बोलायचं होतं; पण कुणाशी बोलली, किती वेळ, हेही डेलला दिसायचं.

“दवाखान्यात तारेचा फोन आहे,” रोवेना म्हणाली. दवाखाना समोरच, शंभर पावलांवर.

लोरेटानं हात पुसले. “माझा ठिपका इथंच लटकू दे खुंटीला. तुझा कोट दे.”

ती गेली. रोवेनानं वही उघडली, आणि काही न लिहिता मिटली. थोड्याच वेळात पडवीतला लोरेटाचा कोट थरथरू लागला. थांबला, पुन्हा थरथरला. आयडा मावशीनं तिथं जाऊन फोन बाहेर काढला आणि कानाला लावला.

“ती मणी ओवतेय रे, तोंडात सुई धरलीय तिनं. हो, इथंच आहे. बोलायचं तर माझ्याशी बोल. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?”

गुडघ्यांवरून गोष्ट कमरेवर गेली, कमरेवरून वीस वर्षांपूर्वीच्या एका बाळंतपणावर. मावशी फोन सोडेना. पलीकडचा डेलचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी त्यानंच निरोप घेतला.

लोरेटा परतली तेव्हा तिच्या पापण्यांवर हिमकण होते. तिकडून काय ठरलं, कधीचं ठरलं, हे रोवेनाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते तिथंच राहू दिलं. लोरेटानं आपला कोट चढवला, आणि निघता निघता टेबलावरच्या वाडग्याकडे पाहून थबकली.

“तुझा प्रश्न अर्धाच आहे अजून.”

“कसा?”

“विझवल्यावर काय होतं, असं विचारलंस. जिनं कधीतरी विझवून पाहिला असेल, तिलाच ते ठाऊक. मला कळलं ते बॅटरी मेली म्हणून. जिनं अजून हातच लावलेला नाही, ती म्हणणार काही होत नाही. तिनं पांढराच टाकलाय.”

रोवेनानं वाडग्यात पाहिलं. इतका वेळ तिला लालच दिसत होते. ते तेरा पांढरे आता एकेक करून वेगळे दिसू लागले, आणि सोमवारी अहवाल जाणार नाही, हे तिला कळून चुकलं.

तिनं वही पुन्हा उघडली आणि पेन्सिल लोरेटापुढं धरली.

“मग कसं विचारायचं? तुझ्या शब्दांत सांग.”

लोरेटानं कोट पुन्हा पडवीत टांगला, डेलचा फोन पुन्हा यायच्या आत किती वेळ हाताशी आहे याचा अंदाज घेतला, आणि खुर्ची ओढून बसली.