चंद्र बुडाला तो टब

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा टब आहे. हसू नका, एके काळी मी समुद्र होतो!

त्याआधी मात्र मी साधासुधा अंघोळीचा टब. कारागिराने ठोकून ठोकून मला गोल केलं आणि मी एका घरात आलो. तिथली दोन भावंडं माझ्यात डुंबत मोठी झाली. खरं तर थोरली ताईच मोठी झाली. धाकट्याला सगळे टिल्या म्हणायचे. तो तापाने गेला. त्यानंतर आईने त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

ताई पुढे सिनेमे करू लागली. तिचे सिनेमे जगावेगळे. ना गाणी, ना संवाद. जुन्या पुराणकथा स्वप्नात दिसाव्यात तशा ती दाखवायची. एका कथेत चंद्र समुद्रात बुडतो आणि त्याची आई काठावर बसून त्याला हाका मारते. त्या कथेसाठी ताईने मला खाली उतरवलं, आतून काळा रंग दिला, पाणी भरलं आणि तळाशी एक पांढरी बशी ठेवली.

"अगं, चांगल्या टबाला काळं फासलंस?" आई म्हणाली.

"आई, चंद्राची आई तू हो ना."

"तुझ्या खुळात मला ओढू नकोस. आणि असला सिनेमा बघणार कोण?"

ताईने हट्ट धरला नाही. ती रोज पाणी बदलायची, दिवा इकडचा तिकडे सरकवायची आणि वाट पाहायची. एका दुपारी आई ओले हात पुसत आली आणि माझ्याशेजारी बसली. ताईने लगबगीने कॅमेरा सुरू केला. तो शिवणयंत्रासारखा खडखडू लागला.

"काय करायचं मी?"

"हाक मार. सिनेमात आवाज नाहीच आहे. काहीही म्हण."

आईने पाण्यात हात घातला. बशी हलली, उजेडाचे तुकडे छतावर तरंगू लागले. ती वाकली, इतकी की तिचा श्वास पाण्याला लागला. मग हळूच म्हणाली, "टिल्या, बाहेर ये रे. पाणी गार झालं."

ताईचे डोळे भरून आले, पण तिने कॅमेरा थांबवला नाही.

सिनेमा लागला, तेव्हा निम्मे लोक मध्येच उठून गेले म्हणे. ताई घरी आली ती हिरमुसून. "डोक्यावरून गेला सगळ्यांच्या," ती म्हणाली.

"मला कळला," आई म्हणाली.

मग दोघी माझ्याजवळ बसून टिल्याबद्दल बोलत राहिल्या. साबण पाहिला की तो कसा पळायचा, ओल्या अंगाने घरभर कसा हुंदडायचा. किती वर्षांनी ते नाव त्या घरात मोकळेपणाने फिरलं! आई हसत होती आणि डोळेही टिपत होती.

आता मी गच्चीच्या कोपऱ्यात आहे. ताईला नव्या कथा मिळाल्या. माझा तळ गंजलाय, पाणी राहत नाही. भंगारवाला येऊन मला वाजवून गेलाय. माझं काही म्हणणं नाही, मित्रांनो. फक्त घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी आईला एकदा विचारा, "हिची तुला काही आठवण आहे का?" आणि ती सांगू लागली, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.