जिजाचा ऊस
केळझरच्या शिवारात जिजाचं गुऱ्हाळ होतं. नवरा गेल्यावर पोटाला तेवढाच आधार. दोन एकर ऊस, रस काढायचा एक चरक, तो आटवायची एक काहील. अन् नेमका तोच ऊस मुकेशच्या डोळ्यांत भरला! हा मुकेश गावचाच. पण साखर कारखान्यानं ऊस गोळा करायला ठेवला, हाताखाली दोन गुंड दिले, तसा भलताच शेफारला होता.

"इंग्लंडची ऑर्डर हाय, काकू. कच्च्या साखरेची. जहाज थांबून राह्यलं."

"कच्चीच काऊन? इथं साफ नाई होत का?"

"साफ करायचे कारखाने तिकडं. इंग्रजाच्या राज्यापासून कच्चं आपलं अन् साफ त्याईचं. तुले काय करायचं हाय?"

जिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या आज्याच्या बापाला याच इंग्रजांनी ऊस तोडायला मॉरिशसला नेलं होतं. गेला तो गेलाच.

"तवा माणसं नेली, आता ऊस नेता? गोड लागला म्हून मुळासकट खाता का रे, मुडद्यांनो? नाई देत, जा!"

मुकेश हसला. त्यानं वाळकं पाचट पेटवलं अन् उसाच्या फडात फेकलं. मेल्याला सगळं ठाऊक होतं. जळक्या उसाचा गूळ काळाकडू होतो, कुत्रं खात नाही. कारखान्याला मात्र तसा ऊस चालतो, तीन दिवसांत पोचला तर. जिजाचा भाऊ कुंदन विझवायला धावला, तर गुंडांनी त्याच्या गुडघ्यावर पहार हाणली. हाड मोडल्याचा आवाज काहिलीपाशी उभ्या जिजापर्यंत आला.

"आता झक मारून आमालेच देशीन," मुकेश काहिलीजवळ येत म्हणाला.

जिजानं लांब दांड्याची पळी उकळत्या काकवीत बुडवली अन् सरळ त्याच्या तोंडावर उपडी केली. तो हातानं पुसायला गेला, तर कातडीच हातात आली! गुरासारखा हंबरला. गुंडांनी त्याला जीपमध्ये कोंबून पळ काढला. जिजाला दया आली नाही, खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे तोडणीवाले ट्रॅक्टर घेऊन हजर. जिजा आदल्या दिवसापासूनच कोयता घेऊन बांधावर बसलेली. पहिला जो आत शिरला, त्याच्या दंडावर तिनं कोयता घातला. रक्त पाहून बाकीचे मागं सरले. आग आपल्याच माणसानं लावलेली, म्हणून कारखाना पोलिसांत जाईना. तीन दिवस, तीन राती ती हलली नाही.

चौथ्या दिवशी ऊस आंबून घाण मारू लागला. ना तिच्या कामाचा, ना विलायतेच्या. तेव्हा जिजा उठली, पायीच ठाण्यात गेली अन् टेबलावर कोयता ठेवून म्हणाली, "लिहा साहेब, आता काय लिहायचं ते."